‘बरं आहे’ म्हणण्याची सवय

पुण्यात कोणालाही ‘कसं काय?’ म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं असतं : ‘बरं आहे.’ मंडईत भाजी निवडता निवडता, पर्वतीच्या पायऱ्यांवर दम खाता खाता, लग्नाच्या हॉलमध्ये मुहूर्ताची वाट पाहता पाहता आपण हा प्रश्न विचारतो आणि हेच उत्तर ऐकतो. विचारणाऱ्याला खरं उत्तर नको असतं आणि देणाऱ्याला ते द्यायचं नसतं. व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख होतो. माझी तक्रार या व्यवहाराबद्दल नाही. तक्रार आहे ती माझ्या स्वतःबद्दल. कारण हेच उत्तर मी डॉक्टरांनाही तेरा वर्षं देत राहिले आणि त्यापायी उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी करून बसले.

मी शाळेत शिक्षिका होते. २०२४ साली निवृत्त झाले. २००३ मध्ये, म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षी, माझ्या दोन्ही कोपरांवर लालसर चट्टे उठले. त्यांच्यावर चंदेरी पापुद्रे असत आणि ते खाजवले की गळत. पुढे डोक्यातही तेच सुरू झालं. गडद रंगाच्या साडीवर खांद्याशी पांढरा चुरा पडे. वर्गातल्या मुलांना वाटे, तो खडूचा. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

त्वचारोगतज्ज्ञांनी नाव सांगितलं, सोरायसिस. हा रोग स्पर्शानं पसरत नाही, रक्त ‘अशुद्ध’ असल्यामुळेही होत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था उगाचच चिथावली जाते आणि जी कातडी नवी व्हायला एरवी महिनाभर लागतो ती चार-पाच दिवसांत नवी होऊ लागते. जुनी गळायला वेळ मिळत नाही, म्हणून थर साचतात. एकोणिसाव्या शतकापर्यंत वैद्यकातही या रोगाची कुष्ठरोगाशी गल्लत होत असे. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्रा नावाच्या डॉक्टरांनी हे दोन रोग वेगळे आहेत असं ठामपणे मांडलं. ते आमच्या गल्लीत पोचायला मात्र बराच वेळ लागला असावा. एका संक्रांतीला माझ्याच घरच्या हळदीकुंकवाला आलेल्या एक बाई माझा हात पुढे होताच म्हणाल्या, ‘‘तुम्ही कशाला त्रास घेता? मीच लावून घेते.’’ आणि त्यांनी कुंकवाची कोयरी स्वतःकडे ओढली. पुढच्या वर्षी मी हळदीकुंकू केलं नाही. शाळेत कामं फार आहेत, असं सगळ्यांना सांगितलं.

डॉक्टरांकडे दर दोन-तीन महिन्यांनी जाणं होई. बाहेर तीस माणसं बसलेली. आत गेलं की ‘‘कसं आहे?’’ ‘‘बरं आहे.’’ डॉक्टर बाही वर करून कोपर बघत, मलम लिहून देत. त्यांनी विचारलं नाही म्हणावं, तर विचारलं होतं. मी सांगितलं नाही म्हणावं, तर उत्तर दिलं होतं. आणि तरीही आम्हा दोघांत माझ्या आजाराबद्दल काहीच बोलणं झालेलं नसे.

टाच आणि बोटं

२०१२ मध्ये टाच दुखू लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की कळ मस्तकात जाई, मग तासाभरानं बरं वाटे. दिवसभर उभं राहून शिकवणाऱ्या बाईची टाच दुखणारच, असं मी धरून चालले. हाडांच्या डॉक्टरांनी मऊ चपला वापरायला सांगितल्या. पुढच्या वर्षी उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. एकच सांधा नव्हे, मुळापासून टोकापर्यंत सबंध बोट. ते महिनाभर राहिलं आणि ओसरलं. मग तर्जनी. पोळ्या लाटून, पेपर तपासून होत असेल, असं सासूबाई म्हणाल्या. संधिवाताची रक्ततपासणी झाली. ‘आर. ए. फॅक्टर’ निगेटिव्ह आला. ‘‘संधिवात नाही,’’ असं सांगण्यात आलं आणि आम्ही देवापुढे साखर ठेवली.

आता मागे वळून पाहताना मला माझीच गंमत वाटते. चट्टे दाखवायला गेले की बोटांबद्दल बोलायचं नाही, कारण हे डॉक्टर कातडीचे. बोटं दाखवायला गेले की मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालायचा, कारण या डॉक्टरांना चट्टे कशाला दाखवायचे? एकाच शरीराच्या दोन फायली मी दोन दवाखान्यांत नेत होते आणि एकीतला कागद दुसरीत जाऊ नये याची काळजीही मीच घेत होते.

सोरायसिस असलेल्यांपैकी काहींना, काही पाहण्यांनुसार दर दहांतल्या तिघांपर्यंत, पुढे सांध्यांचाही विकार जडतो. त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. बहुतेकांना चट्टे आधी येतात आणि सांधे नंतर. मध्ये सात-आठ, दहा वर्षंही जातात, त्यामुळे दोन्हींचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. या विकारात ‘आर. ए. फॅक्टर’ बहुधा निगेटिव्हच असतो. म्हणजे ज्या रिपोर्टवर आम्ही साखर ठेवली, तो माझ्या बाबतीत काहीच सांगत नव्हता. आणि हा विकार थांबून राहत नाही. आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की, तज्ज्ञाकडे पोचायला सहा महिन्यांचा उशीर झाला तरी पुढे सांध्यांची झीज अधिक होते. माझी तर तीन वर्षं गेली होती.

पाच प्रश्नांचा कागद

२०१६ मध्ये आमच्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला म्हणून मी नव्या, तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेले. आत सोडण्याआधी तिथल्या मुलीनं पुठ्ठ्याला लावलेला एक कागद आणि दोरीनं बांधलेलं पेन हातात दिलं. मराठीत टंकलेले पाच प्रश्न. सांधा कधी सुजला होता का? तुम्हाला संधिवात आहे असं कोणा डॉक्टरांनी सांगितलं होतं का? नखांवर बारीक खड्डे आहेत का? टाच दुखते का? एखादं बोट काही कारण नसताना सबंध सुजून दुखलं होतं का?

मी आयुष्यभर मुलांसाठी प्रश्नपत्रिका काढल्या. चांगला प्रश्न कसा असतो, ते मला कळतं. चांगल्या प्रश्नाला ‘बरं आहे’ हे उत्तर देता येत नाही. मी नखं उजेडात धरून पाहिली. शिवणकामाच्या अंगुस्तानावर असतात तसे टोचे दोन नखांवर होते. ते मी कधी पाहिलेच नव्हते असं नाही, पण नखं हा काही आजार आहे, असं वाटलं नव्हतं. पाचांपैकी चार प्रश्नांना ‘हो’ आलं.

ही छोटी प्रश्नावली ब्रिटनमधल्या संधिवाततज्ज्ञांनी २००९ मध्ये तयार केली. पाचांत तीन ‘हो’ आले की त्वचेच्या डॉक्टरांनी रुग्णाला संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावं, असा तिचा साधा नियम. तिनं निदान होत नाही, फक्त दार उघडतं. २०१२ पासून ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सोरायसिसच्या रुग्णाला वर्षातून एकदा हे प्रश्न विचारावेत, असं सांगितलेलं आहे. दोन मिनिटांचं काम, खर्च एका कागदाचा.

डॉक्टरीणबाईंनी चार खुणा पाहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘काकू, हे आधी कोणाला सांगितलं नाहीत?’’

‘‘कोणी विचारलं नाही,’’ मी म्हणाले. हेही खरं नव्हतं.

संधिवाततज्ज्ञांनी हाताचा एक्स-रे काढला. दोन बोटांच्या शेवटच्या सांध्यांची कड कुरतडल्यासारखी झाली होती. रोग फार पुढे गेला की एक हाड टोक काढलेल्या पेन्सिलीसारखं आणि समोरचं कपासारखं दिसतं, म्हणून डॉक्टर त्या खुणेला ‘पेन्सिल आणि कप’ म्हणतात. माझं तिथवर गेलं नव्हतं. पण जे गेलं होतं, ते परत येणार नव्हतं.

तीसपैकी चार

आता मुख्य गोष्ट. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी दुसराही एक कागद दिला होता. त्यावर दहा प्रश्न होते, सगळे मागच्या एका आठवड्याबद्दल. खाज किती? लाज किंवा अवघडलेपण किती? खरेदी, घरकाम यांत अडचण? कपडे निवडताना त्वचेचा विचार करावा लागला का? लोकांत मिसळणं, खेळ, काम, जवळची माणसं, नवराबायकोचे संबंध, आणि शेवटी उपचारांचाच त्रास किती? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. कार्डिफचे अँड्र्यू फिन्ले आणि त्यांचे सहकारी खान यांनी १९९४ मध्ये ही प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि आता ती जगातल्या शंभरावर भाषांत गेली आहे. शून्य-एक म्हणजे आयुष्यावर परिणाम नाही. दहाच्या वर गेलं म्हणजे फार मोठा परिणाम. वीसच्या वर म्हणजे टोकाचा.

मी तीसपैकी चार गुण मिळवले.

शेजारी आमचे हे बसले होते. लाजेच्या प्रश्नाला मी ‘थोडी’वर खूण केली. कपड्यांच्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’, आणि त्या वेळी, मे महिन्यात, माझ्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज होता. नवराबायकोच्या प्रश्नाला ‘लागू नाही’ अशी खूण करून कागद पालथा घातला.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘काकू, बांगड्या घालत नाही का?’’

‘‘हल्ली जात नाहीत. हात सुजतो.’’

‘‘अंगठी?’’

‘‘ती कापूनच काढावी लागली.’’

‘‘आणि कागदावर म्हणताय, काही त्रास नाही.’’ त्यांनी नवा कोरा कागद दिला आणि यांना औषधं आणायच्या निमित्तानं बाहेर पाठवलं. ‘‘मला चांगले गुण नकोत. खरे हवेत. चट्टे तर मी बघतेच आहे. जे दिसत नाही, ते या कागदातूनच मला कळणार.’’

दुसऱ्या वेळी सतरा आले.

त्या तेरा गुणांच्या फरकावर माझे उपचार ठरले, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अंगावरचे चट्टे मोजले तर ते थोडेच होते. नुसत्या त्यांच्यावरून मलमच पुरेसं वाटलं असतं. पण चट्टे थोडे आणि परिणाम मोठा, शिवाय सांधेही धरलेले, असं चित्र एकत्र दिसलं तेव्हा दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलून आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू केली, आणि तिच्याबरोबर ठरावीक मुदतीनं रक्ततपासणी.

त्या रात्री यांनी विचारलं, ‘‘मला बाहेर का पाठवलं?’’ मी कोणते प्रश्न होते ते सांगितलं. नवव्या प्रश्नाशी जरा थांबले, मग तोही सांगितला. बराच वेळ हे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मला वाटायचं, तुलाच माझा कंटाळा आलाय.’’ मला वाटत होतं, त्यांना माझी किळस येते. एकाच खोलीत आम्ही दोघांनी ‘बरं आहे’ म्हणत कितीतरी वर्षं काढली होती.

मांडी घालता येते का?

संधिवाततज्ज्ञांकडे आणखी वेगळे कागद होते. त्यात एक प्रश्न होता : मांडी घालून बसून परत उठता येतं का? हा प्रश्न वाचून मला बरं वाटलं. ज्यानं तो लिहिला, त्याला माझं घर ठाऊक होतं.

त्यामागची हकिकत पुढे कळली. सांधेदुखीच्या रुग्णाला रोजची कामं कितपत जमतात हे मोजणारी मूळ प्रश्नावली अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉ. जेम्स फ्राइज यांनी तयार केली आणि १९८० मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात बाथटबमध्ये आंघोळ, दुधाचं नवं खोकं उघडणं, ताटातलं मांस कापणं असे प्रश्न आहेत. आमच्या पेठेतली बाई यावर काय खूण करणार? तिचं दुखणं पोळपाटाशी, नळाच्या तोटीशी, भारतीय बैठकीच्या संडासात आणि रिक्षात चढता-उतरताना कळतं. म्हणून दिल्लीच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये या प्रश्नावलीचा भारतीय अवतार प्रसिद्ध केला. त्यात साडी-पायजमा नेसणं-घालणं, उकिडवं किंवा मांडी घालून बसणं, रिक्षात चढणं, भाजीबाजार करणं आलं. आपल्या पुण्यातल्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीझेस या संस्थेनंही इथल्या रुग्णांसाठी तिचं रूपांतर केलेलं आहे.

याच संस्थेच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवणला जे काम सुरू केलं, ते पुणेकरांना ठाऊक असायला हवं. सोलापूर रस्त्यावरचं भिगवण आपल्याला उजनीच्या पाणवठ्यावरच्या रोहित पक्ष्यांमुळे माहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाखाली तिथे घरोघर पाहणी झाली. महागडी यंत्रं नेली नाहीत. प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते प्रश्नावली घेऊन दारोदार गेले. ४०९२ प्रौढांना प्रश्न विचारले, त्यांतल्या ७४६ जणांनी, म्हणजे शेकडा १८ जणांनी, सांध्यांच्या किंवा स्नायूंच्या दुखण्याची तक्रार सांगितली. मग डॉक्टरांनी त्यांना तपासलं. हे काम एका फेरीत संपलं नाही, पुढेही अनेक वर्षं चालू राहिलं. मला यातली साधी गोष्ट भावते. आधी विचारायचं, मग तपासायचं. दवाखान्यात न आलेल्या माणसाचं दुखणं एक्स-रेत कसं दिसणार?

कागदाची मर्यादा

कागद म्हणजे जादू नव्हे. त्याचे दोष मला शिक्षिका म्हणून आधी दिसले. दहा प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत ‘लागू नाही’ या उत्तराला शून्य गुण. माझ्या सासूबाईंच्या वयाची बाई खेळ, नोकरी, नवरा या सगळ्यांना ‘लागू नाही’ म्हणेल आणि तिचा आजार कागदावर हलका ठरेल. प्रश्नावलीच्या अभ्यासकांनाही हे खटकलं आणि २०१८ मध्ये ‘लागू नाही’चा हिशेब वेगळा करणारी गुणपद्धत सुचवली गेली. दुसरं, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी मुलगा-सून खुणा करतात. मग कागदावर सुनेला दिसणारा सासरा येतो, खुद्द सासरा येत नाही. आणि तिसरं, कागद भरून घ्यायचा आणि फायलीत न वाचता लावायचा, असंही होतं. तो तर न विचारण्यापेक्षा वाईट प्रकार. पुढच्या वेळी माणूस मनापासून भरत नाही.

पण एकदा भरून भागत नाही, तो पुन्हा पुन्हा भरण्यात त्याचं खरं बळ आहे. दर तीन महिन्यांनी तेच प्रश्न, त्याच शब्दांत. सांध्यांसाठी मी जी बारा प्रश्नांची यादी भरते, ती १३ देशांच्या युरोपीय प्रकल्पातून २०१४ मध्ये तयार झाली. काय विचारायचं ते ठरवताना रुग्णांनाच बरोबर घेतलं होतं. म्हणून तिच्यात दुखण्याइतकंच थकव्याला, झोपेला, काळजीला स्थान आहे. शून्य ते दहाच्या मापात आकडा चारच्या आत असला तर ठीक चाललंय असं समजतात. २०१९ च्या थंडीत माझी कातडी छान होती. कोपरं स्वच्छ, दहा प्रश्नांचे गुण जेमतेम दोन. डोळ्यांनी पाहणाऱ्यानं मला शाबासकीच दिली असती. पण सांध्यांचा आकडा तीनवरून सहावर गेला होता. मला स्वतःला वाटत होतं, शाळेच्या स्नेहसंमेलनाची दगदग आहे. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोटं दाबून पाहिली आणि औषध बदललं. कातडी आणि सांधे नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर तिसरं बोट वाकडं झालेलं नाही.

माझ्या ओळखीत कोणाला सोरायसिस असेल, तर मी आता एवढंच सांगते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना आधी घरी बसून, एकट्यानं, मागचा आठवडा लिहून काढा. सकाळी हात-पाय मोकळे व्हायला किती वेळ लागला, झोप लागली का, कुठे जायचं टाळलं. टाच, बोटं, नखं यांची एक ओळ वेगळी. दवाखान्यात प्रश्नावली नसली तरी चालेल, वहीचं पान चालतं. डॉक्टरांकडे पाच मिनिटंच असतात. ती ‘कसं काय’मध्ये घालवायची नाहीत.

गेल्या महिन्यात दवाखान्यात माझ्या शेजारी इंदापूरकडचे एक आजोबा बसले होते. धोतर, पांढरी टोपी, हातांवर चट्टे. त्यांनी पुठ्ठा माझ्याकडे सरकवला. ‘‘बाई, चष्मा इसरलो. तेवढं वाचून लिवता का?’’ मी एकेक प्रश्न वाचू लागले. लाजेचा प्रश्न आला.

‘‘बरं हाय म्हना.’’

मी लिहिलं नाही. पेन तसंच धरून पुन्हा वाचलं, ‘‘मागच्या आठवड्यात, आजोबा. लाज वाटली, अवघडल्यासारखं झालं, असं झालं का?’’

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘‘नातवाचं बारसं व्हतं, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘पोर हातात घेतलं नाय म्या.’’

मी ‘खूप’ या चौकटीत खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.